मेंढरं कोणाची?

‘माझी मंडळी’, ‘माझे लोक’. चर्चचा समुदाय सांभाळणाऱ्या पाळकांच्या तोंडून हे शब्द ऐकले की मला आत कुठेतरी टोचतं. बहुतेक जण ते मायेनेच म्हणतात, हे ठाऊक आहे. तरीही टोचतं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात मेलेल्यांतून पुन्हा उठलेला प्रभू येशू आपला शिष्य पेत्र याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तिन्ही वेळा काम सोपवताना ‘माझी कोकरे’, ‘माझी मेंढरे’ असंच म्हणतो. आपल्याला नाकारलेल्या माणसावर त्याने कळप सोपवला, पण त्याच्या नावावर केला नाही. पेत्र हे जन्मभर विसरला नाही. आपल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, लिहिताना तो स्वतःला सोबतीचा वडील म्हणतो, कळपाला देवाचा कळप म्हणतो, आणि बजावतो की लोकांवर धनीपण करू नका, कित्ते व्हा, म्हणजे त्यांनी गिरवावं असं उदाहरण व्हा.

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 34वा अध्याय प्रत्येक पाळकाने अधूनमधून गुडघ्यावर बसून वाचावा. इस्राएलाच्या मेंढपाळांवर, म्हणजे पुढाऱ्यांवर, देवाचा राग कशासाठी आहे ते पाहा. त्यांनी लोकर पांघरली, पुष्ट मेंढरं कापून खाल्ली. दुर्बळाला बळ दिलं नाही, जखमीला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही. त्या आरोपांत वक्तृत्व कमी पडल्याचा आरोप कुठेच नाही. वचन शिकवणं दुय्यम आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला वेळी-अवेळी वचनाची घोषणा करायला सांगतोच. पण त्याच तीमथ्याला अध्यक्षाचे, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याचे, गुण सांगताना शिकवण्याची हातोटी तो एकदाच मोजतो; बाकी जवळजवळ सगळं घर, जीभ, पैसा, राग आणि बाहेरच्यांत असलेलं नाव यांबद्दल आहे. आपण पाळक निवडताना मात्र आधी आवाज ऐकतो.

दोष आपलाही आहे. हिशेब, खुर्च्या, भांडणं, सगळं पाळकांच्याच अंगावर टाकायचं आणि मग उपदेशात दम नाही म्हणायचं! प्रेषितांनी प्रार्थना आणि वचनाची सेवा सुटू नये म्हणून जेवण वाढण्याच्या कामासाठी सात जण वेगळे नेमले होते. आणि इब्री लोकांस पत्र सांगतं की आपल्या जिवांबद्दल पाळकांना देवापुढे हिशेब द्यावा लागणार आहे. हे ओझं वाहणाऱ्याला आपण प्रार्थनेत किती वेळा आठवतो?

माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा आमचे पाळक रोज संध्याकाळी यायचे. उपदेश नाही, सल्ला नाही. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून कानाशी वाकून 23वं स्तोत्र म्हणायचे, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. मग खुर्ची ओढून तिचा हात धरून बसायचे. ती गेली त्या संध्याकाळीही ते तसेच बसले होते.