फुटलेल्या ग्लासला हात लावू नका

आज सकाळपासून डोकं फिरलंय. कुणावर तरी काढायला हवं म्हणून इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे जावं.

झालं असं की घरच्या ग्रुपवर पुतण्याने एक ऑडिओ टाकला. सोबत लिहिलं होतं, ‘काकू, तुझा आवडता अल्बम! एआय लावून सगळा नॉइज काढलाय. आता एकदम स्टुडिओ क्वालिटी. हेडफोन लावून ऐक.’ खाली सगळ्यांचे अंगठे आणि बदाम. मी हेडफोन लावले, त्यातलं ‘अंकल सॅम ब्लूज’ हे गाणं सुरू झालं, संपलं. आणि ग्लास फुटलाच नाही.

टाळ्या गेल्या, कुजबुज गेली, मागे कुणीतरी ओरडतं ते गेलं. दोन गाण्यांच्या मधे तर अशी शांतता की वाटलं फोन बंद पडला.

ज्यांना ही काय भानगड आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाकीच्यांनी सहन करावं, माझ्याकडून अनेकदा ऐकलेलं असणार. अल्बमचं नाव ‘हॉट टूना’, बँडचंही तेच. सप्टेंबर १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ‘न्यू ऑर्लिन्स हाऊस’ नावाच्या एका छोट्या क्लबात तो लाइव्ह रेकॉर्ड झाला आणि १९७० मध्ये बाजारात आला. योर्मा कौकोनेन गिटार वाजवतो आणि गातो, जॅक कॅसडी बेस गिटारवर, विल स्कार्लेट हार्मोनिकावर. बस्स. ड्रम नाहीत. योर्मा आणि जॅक हे दोघे शाळकरी वयापासूनचे मित्र, आणि त्या काळच्या प्रचंड गाजलेल्या जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडमधले. म्हणजे महिनाभरापूर्वी, १७ ऑगस्टच्या सकाळी, हीच दोघं वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात लाखोंच्या गर्दीसमोर कानठळ्या बसवत होती. आणि महिनाभराने एका क्लबात बसून जुने ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी, वाजवतायत, समोर लोक बिअर पितायत.

तर ‘अंकल सॅम ब्लूज’ चालू असताना तिथे ग्लास फुटतो. खळ्ळकन. रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येतं. कुणाच्या हातून पडला, का पडला, देव जाणे. पण चाहते हा अल्बम ‘ग्लास फुटलेला’ म्हणूनच ओळखतात. प्रेमाने.

आता माझं ऐका. आम्ही तेव्हा कॅलिफोर्नियातच फ्रीमाँटला राहायचो, नव्वदच्या दशकाचा शेवट. सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदाच आल्या होत्या. मी टेलिग्राफ अॅव्हेन्यूवरच्या एका दुकानातून ही रेकॉर्ड सेकंडहँड आणली होती आणि दुपारी हॉलमध्ये लावली होती. आई आत पोळ्या लाटत होत्या. ग्लास फुटला. आतून आवाज आला, ‘काय फोडलंस गं?’ मी उत्तर देईपर्यंत त्या पिठाच्या हाताने झाडू घेऊन दारात. ‘हलू नकोस, पायात काही घातलेलं नाहीयेस.’ मी म्हटलं, ‘अहो आई, आपल्याकडे नाही फुटला, गाण्यात फुटला.’ त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी अख्ख्या गालिच्यावरून झाडू फिरवला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘गाण्यात कसा फुटेल?’

हा प्रश्न माझ्या मते या अल्बमबद्दल कुणीही विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न आहे. मोठमोठ्या समीक्षकांना तो सुचलेला नाही.

स्टुडिओत ग्लास फुटत नाही. फुटला तर ते गाणं परत घेतात. इथे परत घेता येत नव्हतं, कारण समोर माणसं बसली होती. योर्मा थांबलासुद्धा नाही. त्याचा अंगठा जाड तारांवर ठेका धरून चालत राहतो, बोटं बारीक तारांवर सूर काढत राहतात. ही विद्या त्याच्याकडे आली ती ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजात इयन ब्युकॅनन नावाच्या गिटारवाल्याकडून. त्यानेच त्याला रेव्हरंड गॅरी डेव्हिसची गाणी दाखवली. गॅरी डेव्हिस म्हणजे १८९६ मध्ये साउथ कॅरोलायनात जन्मलेला आंधळा कृष्णवर्णीय माणूस. पुढे धर्मोपदेशक झाला, न्यूयॉर्कला गेला आणि हार्लेमच्या रस्त्यांवर उभा राहून गायचा. नुसता अंगठा आणि तर्जनी, दोनच बोटांनी वाजवायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की दोघं वाजवतायत. रस्त्यावर! तिथे गाड्या, पोरं, भांडणं, सगळं आलं. त्या माणसाची विद्या घेऊन वाजवलेल्या संगीतातला आवाज तुम्ही ‘नॉइज’ म्हणून काढून टाकणार?

मला माहितीय, आता कुणीतरी म्हणेल की ही सगळी गोऱ्या, खात्यापित्या घरातल्या मुलांनी उचललेली गाणी. हो, आहेतच. योर्माचे वडील सरकारी नोकरीत, पोराचं लहानपण काही काळ पाकिस्तानात आणि फिलिपिन्समध्ये गेलेलं. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतातून तो आलेला नाही. मान्य. आणि हो, कॅसडीचा बेस इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे ‘शुद्ध अकूस्टिक’, म्हणजे विजेच्या वाद्यांशिवायचं, म्हणायलाही तांत्रिक अडचण आहे. ठीक आहे. मिळाले तुम्हाला दोन गुण. पुढे जाऊ?

त्या ग्लासकडे परत येते, कारण तो नेमका कुठल्या गाण्यात फुटला हे बघा ना. ‘अंकल सॅम ब्लूज’ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गायलं गेलेलं गाणं, सरकार बाईचा माणूस सैन्यात ओढून नेतं अशा अर्थाचं. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये बर्कलीतल्या क्लबात ते म्हणजे जुनं गाणं राहिलेलं नाही. समोर बसलेली निम्मी पोरं व्हिएतनामला पाठवण्याच्या वयाची असणार. त्यानंतर तीनच महिन्यांत, १ डिसेंबरला, अमेरिकेत जन्मतारखांच्या चिठ्ठ्या निळ्या कॅप्सूलमध्ये घालून सोडत काढली गेली. कुणी आधी जायचं ते ठरवण्यासाठी. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. टीव्हीवर लोक बघत होते. तर त्या क्लबात, त्या गाण्याला, बिअरचा ग्लास कुणाच्या तरी हातून सुटतो. मी असं अजिबात म्हणत नाही की भीतीने सुटला. वेटरला धक्का लागला असेल. पण त्या खोलीत त्या रात्री कोण बसलं होतं याचा तेवढाच एक पुरावा उरलाय, आणि आमच्या बाळाने तो एका क्लिकमध्ये पुसून टाकला. वर म्हणतो स्टुडिओ क्वालिटी.

स्टुडिओ क्वालिटी! हे दोन शब्द आता मला कुणी म्हणून दाखवू नका.

आमच्या आई झाडू घेऊन आल्या त्या कशामुळे? बर्कलीतली ती खोली फ्रीमाँटच्या आमच्या हॉलमध्ये उतरली होती म्हणून. तीस वर्षं जुना आवाज, आणि साताऱ्याची बाई सुनेच्या पायाला काच लागेल म्हणून धावते. यापेक्षा चांगली क्वालिटी कुठल्या यंत्राकडे असेल तर मला दाखवा.

बरं, थोडं पाणी पिऊन आले. जरा शांतपणे लिहिते.

सगळेच आवाज पवित्र असतात असं माझं म्हणणं नाही. गॅरी डेव्हिसने १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये ज्या रेकॉर्ड केल्या त्यांच्यावरची खरखर कुणी हलक्या हाताने काढली तर मी त्याला चहा पाजेन. ती खरखर तबकडीची आहे, झिजलेल्या सुईची आहे. तिच्याखाली माणूस दबलाय. तो बाहेर काढायलाच हवा. पण माणसांनी केलेला आवाज वेगळा. टाळी, खोकला, हार्मोनिकात फुंकण्याआधी घेतलेला श्वास, खुर्ची सरकवणं. यंत्राचा आवाज काढा, माणसांचा ठेवा. इतकं साधं आहे. पण अॅपला दोन्ही सारखेच दिसतात, कारण त्याला कुणी ‘काय फोडलंस गं’ म्हणून कधी हाक मारलेली नाही.

आणि लाइव्ह आहे म्हणून काहीही चालतं असंही नाही, हे नाइलाजाने कबूल करते. मी अशा कितीतरी लाइव्ह रेकॉर्डिंगच्या सीडी विकत घेतल्यात ज्या घरी येऊन एकदा ऐकल्या आणि नंतर त्यांचा उपयोग फक्त धूळ साचवायला झाला. बेसूर, लांबलेल्या, लोक नुसते बोंबलतायत. ‘हॉट टूना’ टिकली ती ग्लासमुळे नव्हे. टिकली कारण योर्मा आणि जॅक एकमेकांचं ऐकतात. ‘मॅन्स फेट’ ऐका, दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा, गाणं नाही, नुसतं वाजवणं. गिटार एक वाक्य सुरू करते, बेस ते पूर्ण करतो, मधेच दुसरीकडे घेऊन जातो, गिटार हसत मागे येते. लहानपणापासून ओळखणारी दोन माणसं गप्पा मारताना जशी एकमेकांची वाक्यं पळवतात, अगदी तसं. आणि हे सगळं चालू असताना समोरची माणसं मधेच गप्प होतात, मधेच ओरडतात. त्यांच्या गप्प होण्यानेसुद्धा वाजवणाऱ्यांना कळतं, आत्ता जमतंय. तुम्ही माणसं काढलीत तर या दोघांना कुणासाठी वाजवायला लावलंत?

त्या दुपारचं अजून एक सांगायचं राहिलं. झाडू कोपऱ्यात ठेवून आई सोफ्याच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, बघू तरी अजून काय काय फुटतंय. पहिली बाजू संपता संपता ‘डेथ डोन्ट हॅव नो मर्सी’ लागलं. ते गॅरी डेव्हिसचंच. मृत्यू दारात येतो आणि कुणावर दया करत नाही, असं. आईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी पूर्ण ऐकलं, पोळ्या तशाच राहिल्या. मग विचारलं, ‘हे त्यांचं भजन आहे का गं?’

मी काय बोलणार. धर्मोपदेशकाने बांधलेलं गाणं. ब्लूजच्या नादी लागू नये, देवाचंच गावं, असं धर्मोपदेशक झाल्यावर म्हणणारा माणूस. आणि त्याचं गाणं दाढीवाले हिप्पी दारूच्या क्लबात गातायत, तरी त्यातलं भजन साताऱ्यापर्यंत पोचलं. कुणीही मला विचारतं की पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी हे का ऐकता, तर मी आईंचा हा प्रश्न सांगते. काहींना कळतं, काही म्हणतात ‘वा, छान’ आणि विषय बदलतात.

पुतण्याबद्दल जरा जास्तच बोलले का मी? मुलगा चांगला आहे. परीक्षा चालू असताना रात्री जागून हे केलंय, काकूला आवडेल म्हणून. त्याच्या वयाच्या किती मुलांना १९६९ चे ब्लूज माहीत असतात? त्याला हे सगळं मीच ऐकवलंय, तो लहान असताना, आणि त्याला ग्लासची गोष्ट पाठ आहे. पाठ असून काढला! म्हणजे आता परत राग आला.

त्याला फोन केला तर म्हणतो, ‘अगं काकू, मी नाही काढला, सॉफ्टवेअरने ठरवलं.’ हेच तर. हे ठरवणारे तुम्ही कधीपासून झालात? परवा हेच सॉफ्टवेअर म्हणेल की गाणाऱ्याचा आवाज जरा घोगरा आहे, गुळगुळीत करू का. आणि तुम्ही म्हणाल, कर. योर्मा कौकोनेनने ओहायोत ‘फर पीस रँच’ नावाची जागा काढून वर्षानुवर्षं लोकांना गिटार शिकवली. तिथे लोक राहायला जायचे, समोरासमोर बसून शिकायचे. ज्या माणसाने आयुष्यभर खोलीत समोर माणूस बसलेला असण्याला एवढी किंमत दिली, त्याच्याच रेकॉर्डमधून तुम्ही खोली काढताय.

मघाशी आईंनाही फोन लावला. आता कमी ऐकू येतं त्यांना, मोठ्याने बोलावं लागतं. सगळं सांगितलं. नातवाने ग्लास काढून टाकला म्हटल्यावर बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, ‘अगं, बरं झालं, मला तेव्हा उगाच झाडायला लागलं.’ घ्या. माझ्या बाजूने कुणीच नाही.

तरीही सांगते. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांनी मूळ अल्बम ऐका, स्पीकरवर, घरात कुणीतरी दुसऱ्या खोलीत काम करत असताना. ‘हेझिटेशन ब्लूज’पासून सुरू करा, गाणी पुढे ढकलू नका. हार्मोनिका कुठे कुठे जरा जास्त होते असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

मूळ फाइल मी आता घरच्या ग्रुपवर टाकलीय, ग्लाससकट. अर्ध्या तासात एकच अंगठा आलाय, तो मोठ्या दिरांचा, आणि ते काहीही न ऐकता सगळ्यालाच अंगठा देतात.