तीनशे फुटांची उठाठेव

शॉकअप ही हलण्यासाठीच बनवलेली वस्तू. खड्डा आला की दबायचं, गेला की सुटायचं, एवढंच तिचं आयुष्य. एटीव्ही, म्हणजे हँडलच्या चारचाकी मोटारी, सरळ पट्टीवर पळवणारे ड्रॅग रेसिंगवाले हीच वस्तू भरपूर पैसे मोजून आणतात, पुढची जोडी पट्ट्यानं करकचून बांधतात, मागची आवळून आवळून लाकूड करतात आणि मग काळजीच्या सुरात विचारतात, "थोडी तरी हलतेय ना?" स्वतःच्याच पैशांशी इतकं उघड वैर धरणारा दुसरा खेळ मला तरी ठाऊक नाही.

शर्यत माती-वाळूवर बहुतेक वेळा ३०० फुटांची. निकाल पहिल्या साठ-सत्तर फुटांत लागलेला असतो. उरलेलं अंतर आपण हरलो हे नीट समजावं म्हणून ठेवलेलं असतं. त्या सुरुवातीच्या टप्प्यात गाडीला दोनच गोष्टी सुचतात. एक तर मागची चाकं जागेवर गरगरतात, नाहीतर पुढची आकाशाकडे निघतात. पुढची चाकं उचलली की फोटो झकास येतो आणि शेजारची गाडी पुढे जाते.

यामागचं गणित शाळकरी आहे. मागच्या एक्सलपासून गाडी आणि चालक यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यापर्यंतचं आडवं अंतर घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या जमिनीपासूनच्या उंचीनं भागा. समजा अंतर ५७ सेंमी आणि उंची ६० सेंमी. उत्तर ०.९५. म्हणजे ०.९५ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) एवढा वेग घेण्याचा जोर झाला की पुढची चाकं जमिनीचा निरोप घेणार. आता स्विंगआर्म (मागचा एक्सल फ्रेमला जोडणारा हलता दांडा) ६ इंचांनी, म्हणजे साधारण १५ सेंमीनं लांबवला की ७२ भागिले ६०, झाले १.२. वर गाडी ५ सेंमी खाली बसवली की १.३१. इंजिनाला हातही न लावता जास्त ॲक्सिलरेटर पिळायची परवानगी मिळाली. तरीही माणसं आधी इंजिनावर खर्च करतात, कारण स्विंगआर्म आवाज करत नाही.

स्विंगआर्म बदलणं म्हणजे मात्र एक वस्तू बदलणं नव्हे. चेन अपुरी पडते, मागच्या ब्रेकचा पाइप अपुरा पडतो, पार्किंग ब्रेकची केबल अपुरी पडते. पाइपाचं सगळ्यांच्या शेवटी लक्षात येतं, कारण गाडी चाकांवर उभी असताना तो पुरतो. जॅकवर घेऊन मागची चाकं पूर्ण लोंबू दिली की तो तारेसारखा ताणलेला दिसतो. तसाच ठेवला तर कधीतरी तो ब्रेकला सोडून देणार, आणि तेही नेमकं शर्यतीची रेघ ओलांडल्यावर, जेव्हा ब्रेकची खरी गरज असते.

त्यात स्प्रिंगही मऊ पडते. आर्म म्हणजे तरफ. १८ इंचांची तरफ २४ इंच केली आणि शॉकअपची जागा तीच ठेवली, तर चाकाशी जाणवणारा कडकपणा लांबीच्या गुणोत्तराच्या वर्गानं उतरतो आणि जेमतेम ५६ टक्के उरतो. अशी गाडी सुटताना मागं मटकन बसते. मग मालक सी-पाना घेऊन प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, रिंग आवळत सुटतो. प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच होते. आधी पैसे देऊन खाली केलेली गाडी आता घाम गाळून वर करायची. कडकपणा हवा तर जास्त रेटची, म्हणजे मुळातच कडक, स्प्रिंग घालावी लागते, त्याला दुसरा इलाज नाही.

गाडी खाली करायचे मार्ग तीन: आखूड शॉकअप, लिंकेज (शॉकअप आणि स्विंगआर्ममधली सांध्यांची जोडणी) असल्यास वेगळ्या मापाची लिंक, किंवा शॉकअपच्या आत स्पेसर घालून त्याचं उघडणं कमी करणं. तिसरा मार्ग ऐकायला सोपा, पण आत दाबाखाली नायट्रोजन असतो. गॅस न सोडता खोलायला जाल तर आतले भाग तोंडावर येतील. कसंबसं खोलून गॅस न भरता बंद कराल तर तेलाला फेस येऊन डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा विरोध, गायब होईल. हे काम ज्याच्याकडे नायट्रोजन भरायची सोय आहे त्याच्याकडेच द्यावं. शॉकअप काढून त्या जागी सरळ धातूचा दांडा बसवणारेही आहेत. सपाट, तयार केलेल्या पट्टीवर तो चालतो. पट्टी उखणलेली असेल तर मागची चाकं उड्या मारतात आणि प्रत्येक उडीचा हिशेब फ्रेमवरच्या शॉकअपच्या कानांना चुकवावा लागतो. तिथे भेग दिसली की समजावं, हिशेब थकलेला आहे.

खाली करण्याचा एक छुपा तोटा आहे. स्विंगआर्म मागे उतरता असेल, म्हणजे त्याचा पिव्हट (फ्रेमशी जोडणारा सांधा) एक्सलपेक्षा वर असेल, तर चाकांचा पुढे ढकलणारा जोर पिव्हटला वर उचलतो आणि गाडी कमी बसते. गाडी खाली आणली की आर्म आडवा होतो आणि ही फुकटची मदत संपते. म्हणून "अजून खाली, अजून खाली" म्हणणाऱ्याला थांबवावं. आर्म पूर्ण आडवा व्हायच्या आत, किंचित उतरता असतानाच, मोह आवरावा.

आता मोजमाप. सगळी मापं चालक बसलेला असताना घ्यायची, तीही हेल्मेट, बूट, जॅकेट अशा पूर्ण वेशात. अर्ध्या तासात तो शिजतो, पण इलाज नाही. आधी मागचे टायर. स्पोर्ट एटीव्हीच्या मागे एकसंध एक्सल असतो, दोन्ही चाकं एकाच गतीनं फिरतात. त्यामुळे टायरचे घेर वेगळे असले की गाडी लहान घेराच्या बाजूला ओढते. सारख्या हवेत दोन्ही टायरभोवती टेप गुंडाळून घेर जुळवा. फरक बारीक असेल तर हवा थोडी कमीजास्त करून भागतं, मोठा असेल तर जोडी बदला. आणि हवा मोजायला कमी दाबाचा गेज घ्या. या टायरांत चार-पाच पीएसआयचा मामला असतो. गाडीवाला ६० पीएसआयचा गेज तिथे काटा हलवतो खरा, पण तो अंदाज असतो, माप नव्हे.

मग चेन. एक्सल, पिव्हट आणि इंजिनाचा स्प्रॉकेट एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. ढिलाई त्या स्थितीत तपासा. मोकळ्या गाडीवर बेताची ढिली ठेवलेली चेन चालक बसल्यावर सतार होते.

टो, म्हणजे पुढच्या चाकांचा एकमेकांकडचा कल, सर्वांत शेवटी, कारण उंची बदलली की टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) कोन बदलतो आणि टो आपोआप सरकतो. हँडल सरळ बांधून, हबच्या उंचीवर, पुढच्या दोन टायरांमधलं अंतर त्यांच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला मोजा. पुढे सुमारे ३ मिमी कमी भरलं की पुरे. टाय रॉडच्या एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात. उलटा फिरणारा तो चेकनट (रॉड जागी धरणारा नट) "जाम झालाय" असं जाहीर करून वर पाइप लावून पिळणारे वीर प्रत्येक मैदानावर भेटतात.

आता तो पट्टा. उद्देश असा की पुढचा भाग मर्यादेपलीकडे उचलू नये. चालक बसलेल्या उंचीपासून एक-दीड इंच वर यायला वाव ठेवून सुरुवात करा, दोन्ही बाजू अगदी सारख्या. वाव जास्त असेल तर पुढचा भाग वेगानं वर येतो, पट्टा फाडकन ताणला जातो आणि तो झटका चाकांनाही सोबत घेऊन जातो. म्हणून पुढचा रिबाउंड, म्हणजे दबलेल्या शॉकअपचं परत उघडणं, संथ ठेवायचा, झटका सौम्य होतो.

क्लिकर, म्हणजे शॉकअपचं दबणं-उघडणं किती संथ ते ठरवणारा खटक्यांचा स्क्रू, पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजायचे. बंद करताना ताकद लावली तर आतली सुई रुतते. एका वेळी एकच बदल, दोन क्लिकचा, आणि तो लगेच लिहून ठेवायचा. नंतर गाडी सुटतानाचं चित्रण बाजूनं, संथ गतीत पाहा. मागचा भाग झपकन बसून पुढची चाकं उचलत असतील तर मागचं कॉम्प्रेशन, म्हणजे दबण्याला होणारा विरोध, वाढवा. मागचा भाग हलतही नाही आणि टायर गरगरतायत, तर कमी करा. मध्यावर मागची चाकं धरतात-सोडतात, धरतात-सोडतात असं दिसलं तर आधी रिबाउंड तपासा. तो फार संथ असेल तर शॉकअप एका उडीतून सुटायच्या आत दुसरी येते आणि तो खालीच अडकून राहतो.

इथवर आलात की उंटावरचे शहाणे जमतात. एक म्हणतो कडक करा, दुसरा म्हणतो मऊ करा, तिसरा व्हीली बार, म्हणजे पुढचा भाग उचलू नये म्हणून मागे बसवायचा छोट्या चाकांचा दांडा, लावा म्हणतो. तिसऱ्याचं ऐकायला हरकत नाही, फक्त बार जमिनीला जवळजवळ टेकवून बसवू नका. वजन त्या चिमुकल्या चाकांवर गेलं की मागचे टायर हलके होतात आणि पुन्हा गरगर सुरू.

एवढं करून ऐन वेळी गाडी मागे कलंडू लागली तर पाना उचलण्याआधी चालकाकडे पाहा. गाडीवर सत्तर-ऐंशी किलोचा, कुठलाही क्लिकर नसलेला तो एकच भाग आहे. छाती टाकीवर, कोपरं वर, मान पुढे असं शंभरदा सांगितलेलं असतं. दिवा हिरवा होताच तो भाग सीटवर मागे सरकतो, हात ताठ करतो आणि पंधरा सेंमीच्या स्विंगआर्मची कमाई एका ढुंगणानं परत करतो.