दगड न दिसू देता दगडाचे फोटो कसे काढावेत

तुम्ही यंदा खिद्रापूरला जाणार असाल, तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. तिथला फोटो काढून झालेला आहे. तुम्हाला फक्त त्यात जाऊन झोपायचं आहे.

तिथल्या कोपेश्वराच्या देवळात, स्वर्गमंडपात, मधोमध एक गोल शिळा आहे आणि तिच्या बरोबर वर छताला गोल मोकळं आभाळ. त्या शिळेवर उताणं पडायचं, फोन छातीवर धरायचा आणि निळं वर्तुळ टिपायचं. कोल्हापुरातून साठेक किलोमीटर गाडी हाकत जाऊन करायचं मुख्य काम एवढंच. रांग असेल. तुमच्या आधीचा माणूस उठला की लगेच आडवे व्हा, दगड अजून गरम असतो. वर्तुळाच्या कडेला खांबांच्या माथ्यावर अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर बसून कैक शतकं दिशा राखतायत. ते फोटोत काळेठिक्कर येतील, कारण फोन आभाळाचा उजेड मोजतो आणि दगड अंधारात सोडून देतो. पडद्यावर दगडाच्या जागी बोट टेकवलं तर आभाळ पांढरं होतं आणि यम, इंद्र, कुबेर एकेक करून उजेडात येतात. म्हणून तिथं बोट टेकवू नका. यमाला लाइक कोण देणार?

जाण्याची उत्तम वेळ दुपारी बाराची. देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळी ऊन तिरकं येतं तेव्हा छिन्नीचा एकेक घाव स्वतःची सावली टाकतो, पैंजणाचे मणी मोजता येतात, द्वारपालाच्या मुकुटाची नक्षी उठून दिसते. पण सकाळ ही मिसळीची वेळ आहे आणि कटाला ताटकळत ठेवणं कोल्हापुरी माणसाला शोभत नाही. बारा वाजता ऊन वरून सपाट पडतं, देवांच्या डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो आणि सगळ्या मूर्ती एकाच आजारातून उठल्यासारख्या दिसतात. त्यात एकसारखेपणा असतो. अल्बमला एकसारखेपणा लागतो.

आपला दगड काळा, ही एक मोठीच अडचण. कॅमेऱ्याला जन्मजात खोड असते: समोर काहीही ठेवा, ते मध्यम करडं असणार असं तो धरून चालतो. काळं देऊळ दाखवलं की तो उजेड वाढवतो आणि बाराव्या शतकातला बेसाल्ट परवा ओतलेल्या काँक्रीटसारखा करून टाकतो. जाणती माणसं अशा वेळी उजेड मुद्दाम थोडा उतरवतात, की काळं पुन्हा काळं होतं. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. करड्यावर फिल्टर छान बसतो. आभाळ मोरपंखी, दगड नारिंगी, आणि मध्ये तुम्ही, गोरे. ज्या शहरात बाबुराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या शहरातल्या माणसाला उजेडाबद्दल आणखी काय शिकवायचं? आपलं सगळं शिकून झालंय.

आता माणसांविषयी. देवळाच्या पायाशी दगडी हत्तींची रांग आहे. सगळं देऊळ त्यांनी पाठीवर पेललंय अशी ती कल्पना. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत, त्यामुळे मुलांना बसायला अडथळा होत नाही. लहान मूल हत्तीवर, मोठं मूल शेजारच्या हत्तीवर, आणि वडील खांबावर एक पाय टेकवून. राखणदार म्हणेल, “पाव्हणं, पोरगं उतरवा की हत्तीवरनं.” त्याला “एकच फोटो, मामा” असं सांगायचं. हे वाक्य तुमच्या आधीच्यानंही म्हटलेलं असतं, तरी ते म्हणावंच लागतं. बाहेर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असेल. 1958 च्या कायद्यानुसार संरक्षित वास्तूची खराबी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं काहीतरी त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पण निळा रंग गोऱ्या वर्णाला उठाव देतो, म्हणून पार्श्वभूमीला तो घ्यायला हरकत नाही. वाचत बसू नका, डोळे बारीक होतात.

शिलालेख भेटला तर काय करावं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. (कुणी विचारलेला नाही. पण उपदेश करायचा तर अशी सुरुवात करावी लागते.) कोपेश्वरात लेख बरेच आहेत. बहुतेक हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, आणि सिंघण यादवाचा शके 1136 चा संस्कृत लेख देवनागरीत. अक्षरं झिजलेली असतात. ती वाचायची रीत सोपी आहे: उजेड बाजूनं, दगडाला घासून जाईल इतका तिरका पाडायचा. एकानं टॉर्च लेखाच्या कडेला धरायचा, दुसऱ्यानं समोर सरळ उभं राहून, फोन दगडाला समांतर ठेवून फोटो घ्यायचा, शेजारी मापासाठी पट्टी. खोदलेल्या रेषेत सावली भरते आणि आठशे वर्षांपूर्वीचा लेखनिक बोलायला लागतो. यात दोन माणसं, एक टॉर्च आणि पाच मिनिटं खर्ची पडतात, आणि शेवटी फोटोत तुम्ही नसता. त्यापेक्षा समोरून फ्लॅश मारा. सगळ्या सावल्या एका झटक्यात मरतात आणि लेखाच्या जागी स्वच्छ, कोरी, चकचकीत पाटी मिळते. फारच उत्साह असेल तर खडू फिरवा. अक्षर जिथं नाही तिथंही तुम्हाला वाटेल ते अक्षर उमटतं, आणि पुढे येणाऱ्या अभ्यासकाला तुमचं हस्ताक्षर वाचायला मिळतं.

देवळापर्यंत जायचं नसेल तर गावोगावी वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड. कोल्हापूर जिल्ह्यात मारुतीच्या पाराशेजारी, तळ्याच्या काठी, कधी शाळेच्या कुंपणाला टेकवलेले. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाला लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. म्हणजे त्या माणसाची सगळी बातमी एका दगडावर छापलेली आहे. तुम्ही वरचा अर्धा भाग घ्या. खालचा अर्धा तसाही मातीत गेलेला असतो, आणि उरलेल्यावर कुणीतरी ऑइलपेंट मारलेला असतो.

गधेगळ दिसला तर मात्र जपून. शिलाहार राजांच्या काळात दानपत्रं दगडावर कोरत आणि खाली गाढवाचं चित्र काढून, दान मोडणाऱ्याच्या आईविषयी असा शाप देत, की तो घरात मोठ्यानं वाचता येणार नाही. अशा दगडाला टेकून नवरा-बायकोनं हसतमुख फोटो काढून खाली “प्राचीन प्रेमशिल्प” लिहिलेलं माझ्या पाहण्यात आहे. त्याला लाइक्स उत्तम होते. काकू-मावश्यांनी हात जोडले होते.

पन्हाळ्याचं काय? पन्हाळा सोपा. 2025 मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशात गेला, त्यामुळे तीन दरवाज्यात लग्नाआधीच्या फोटोंना आता जागतिक दर्जा आलाय. धुराची नळकांडी, भाड्याचा फेटा, फोटोग्राफरची “सर, मॅडमकडे बघा, दरवाज्याकडे नको” अशी सूचना. पाऊस आला तर अंबरखान्यात, म्हणजे धान्याच्या जुन्या कोठारात, शिरायचं, एवढंच.

अंबाबाईच्या किरणोत्सवाला गाभाऱ्यात फोटो काढता येत नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं पायांपासून चढत जातात. ती कुठवर पोहोचतील हे वाटेतल्या इमारतींवर अवलंबून असतं. शिल्पकारांनी गणित चोख बांधलं, आपण वर मजले चढवले. फोटो नाही म्हणून तो सोहळा तुम्ही डोळ्यांनी पाहिलात, हे पुढे कुणाला सिद्ध करून दाखवता येणार नाही. तेव्हा वेळ घालवू नका.

वर्षातली खरी पर्वणी त्रिपुरारी पौर्णिमेची. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणून चंद्र उत्तरेकडून उंच चढतो आणि आपल्या भागात मध्यरात्रीच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतो. स्वर्गमंडपाच्या गोल छिद्रातून तो खाली शिळेवर उतरतो तो या हिशोबानं. तुम्ही मात्र आपलं योगदान द्या, फ्लॅश लावा. फ्लॅशचा उजेड चार-पाच मीटरवर दम सोडतो आणि चंद्र पावणेचार लाख किलोमीटरवर आहे, पण प्रयत्न केला याला महत्त्व. फोटोत चंद्राच्या जागी पांढरा ठिपका येईल. फोन मंडपाच्या अंधाराला जुळवून घेतो आणि चंद्रावर तर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं, त्याचं काही चालत नाही. मग ठिपक्यावर दुसऱ्या कुठल्यातरी चंद्राचा फोटो चिकटवा. अनेकांचे चंद्र असेच आहेत.

माहिती लिहिताना हात सैल ठेवा. “हेमाडपंती” लिहा. हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादवांच्या दरबारात होता, शिलाहारांचं हे काम त्याच्या आधीचं, पण त्याला कोण विचारायला येतंय. फारच अडलं तर “पांडवांनी एका रात्रीत बांधलं”. सतीबरोबर नंदी गेला म्हणून इथं शिवापुढे नंदी नाही, ही गोष्ट राखणदार सांगत असेल तेव्हा रील बनवा, आवाज बंद करून वर गाणं टाका.

तारीख आणि ठिकाण मात्र चुकूनही लिहू नका. खिद्रापूर कृष्णेच्या काठावर आहे, 2019 च्या महापुरात पाणी देवळात शिरलं होतं. पुराच्या आधी कोणती चीर होती आणि नंतर कोणती वाढली, हे सांगायला सरळ उभं राहून, तारखेसह काढलेला एक साधा फोटो पुरतो. तुमच्या फोनमध्ये अशी तारीख आपोआप नोंदलेली असते. हा धोका ओळखून फोटो आधी व्हॉट्सॲपवर घरच्यांच्या गटात टाका. तिथं चित्र दाबलं जातं, तारीख-ठिकाणाची नोंद गळून पडते आणि ते “सुप्रभात” लिहायला योग्य होतं. मूळ फोटो जागा अडवतो, तो खोडा.

परतताना नरसोबाच्या वाडीला थांबालच. बासुंदीची वाटी समोर आली की खिडकीजवळचं टेबल मागून घ्या, कडेनं तिरका उजेड येऊ द्या, सावली पडते का पाहा, वाटी सरळ करा, हात स्थिर ठेवा, सायीचा पापुद्रा आणि वेलदोड्याचा कण स्पष्ट येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढा, आणि खाली गाव, दुकान, तारीख, किंमत सगळं नीट लिहा.