मेटल डिटेक्टर आणि एकशे ऐंशी दिवस

एका लेखात म्हटलंय, २६/११ च्या मुंबई हल्ल्यानंतर सुरक्षेसाठी थोडं स्वातंत्र्य सोडायला सामान्य माणसाची ना नाही. खरंय, माझीही नव्हती. सीएसएमटीवर रोज त्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जातो. ती प्रत्येकाला टीं टीं करते, कुणी मान वर करत नाही. डब्याची पिशवी उघडून दाखवायचीही तयारी आहे, बघा तरी!

पण 'थोडं' म्हणजे किती? हल्ल्यानंतर महिन्याभरात संसदेने यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक केला. आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडी, आणि जामीन जवळपास अशक्य. ही झळ चौकटीतून जाणाऱ्या तुम्हाआम्हाला लागत नाही, म्हणून आपण उदार.

११ जुलै २००६ चे लोकल बॉम्बस्फोट घ्या. १८९ माणसं गेली. खटला मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधातल्या कडक कायद्याखाली, म्हणजे पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाबही पुरावा. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने ते कबुलीजबाब फेटाळून बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. पुढे सुप्रीम कोर्टाने निकालाला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. एकोणीस वर्षं गेली, आणि ज्यांच्या घरातलं माणूस त्या संध्याकाळी परतलं नाही, त्यांना अजून पक्कं उत्तर नाही. (माटुंग्याला गाडीत स्फोट झाला तेव्हा मी दादरच्या पुलावर होतो.)

२६/११ च्या हल्ल्यात पकडलेल्या कसाबवर मात्र रीतसर खटला चालला, वकील दिला, आणि त्याच कोर्टाने दोन सहआरोपींना पुराव्याअभावी सोडलंही. तेव्हा कुठे देश बुडाला?