भाडेकरूनेच फ्लॅट घेतला, तर एजंटचे किती?

भाडेकरूने राहता फ्लॅटच विकत घेतला, तर त्याला आणून देणाऱ्या माणसाला विक्रीचीही दलाली द्यायची का? आमच्या सोसायटीत परवा यावरून चांगलीच जुंपली, आणि दोन्ही बाजूंनी इतकं बिनबुडाचं बोललं गेलं की म्हटलं लिहूनच टाकू. माझं मत आधीच सांगते. आपोआप एक रुपयाही लागू होत नाही. पण मालकाला थोडी जरी व्यवहारदृष्टी असेल, तर त्याने काहीतरी द्यायचं आधीच लिहून ठेवावं. आणि 'काहीतरी' म्हणजे दोन टक्के नव्हे.

हे मी ऐकीव सांगत नाही. दादाचा बाणेरला टू बीएचके होता. तो न्यू जर्सीत, कुलमुखत्यारपत्र माझ्या नावावर, आणि रोजची उस्तवार एका एजंट गृहस्थांकडे. २०१९ मध्ये त्यांनीच भाडेकरू आणला. एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून आमच्याकडून घेतलं, एक महिन्याचं त्याच्याकडून. शिवाय फ्लॅट बघायचे म्हणून दरवर्षी एक महिन्याचं भाडं. माणूस कामाचा होता, हे आधीच कबूल करते. गीझर बिघडला तर मला फोन यायच्या आत प्लंबर दारात असायचा.

२०२४ मध्ये दादाने विकायचं ठरवलं आणि भाडेकरूच म्हणाला, मी घेतो. सौदा ९० लाखांना ठरला. तो ठरला व्हिडिओ कॉलवर, दादा आणि भाडेकरू यांच्यात थेट. टोकन दिल्यानंतर चार दिवसांनी गृहस्थांचा मेसेज आला: विक्रीचे दोन टक्के मालकाकडून, एक टक्का घेणाऱ्याकडून. म्हणजे १,८०,००० अधिक ९०,०००. पाच वर्षं नळ, गळती आणि गीझर सांभाळून आमच्याकडून त्यांना जेवढं मिळालं, त्याहून जास्त ते एका फटक्यात आमच्याकडे मागत होते.

मी फोन केला तर म्हणाले, "ताई, भाडेकरू मी आणला नसता तर हे गिऱ्हाईक आलं कुठून असतं?" भाडेकरूचं उत्तर मला जास्त पटलं. तो त्यांना म्हणाला, "मी पाच वर्षं ज्या घरात राहतोय, ते घर तुम्ही मला आज काय दाखवणार?"

'मी आणला' हा मुद्दा ताणला तर त्याला अंतच नाही. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाने उद्या बारशालाही मानपान मागावा, तशातली गत. भाडेकरू आणणं हे एक काम. ते झालं, त्याचे पैसे मिळाले. घर विकून देणं हे दुसरं काम. गिऱ्हाईक शोधा, भावात घासाघीस करा, बिचकलेल्या माणसाला धीर देऊन सहीपर्यंत आणा. यातलं त्यांनी काय केलं होतं? १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला ते काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. इथे विक्रीचं काम त्यांना सोपवलंच नव्हतं, मग पूर्ण कशाचं होणार? 'पद्धत आहे' म्हणाल तर पुण्यात जुना फ्लॅट विकताना एक टक्का सर्रास मागतात, कुणी दोनही मागतं. पण तो गिऱ्हाईक आणल्याचा दर झाला.

रेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडे जा, असा सल्ला इथे हमखास देतात. एजंटला नोंदणी सक्तीची करणारं रेरा कायद्याचं कलम ९ आहे खरं, पण ते रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीपुरतं. जुन्या सोसायटीतला फ्लॅट, त्याचं भाडं आणि त्याची देखरेख त्यात बसत नाही. म्हणजे शेवटी कागदावर काय लिहिलंय, एवढंच उरतं. आणि गंमत बघा. भाडेकराराला आपण अंगठा देतो, फोटो काढतो, रीतसर नोंदणी करतो, कारण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकावर टाकली आहे. पण ज्याच्या हातात फ्लॅटच्या किल्ल्या देतो, त्याच्याशी ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. "ओके सर" आणि एक अंगठा.

दादा म्हणाला, अमेरिकेत देखरेखीच्या करारात हे कलम बऱ्याचदा छापलेलंच असतं: भाडेकरूने घर घेतलं तर मॅनेजरला अमुक टक्के. बरोबर आहे. पण तिथे बहुतेक राज्यांत पैसे घेऊन दुसऱ्याचं घर भाड्याने देऊन सांभाळायला ब्रोकरचं लायसन्स लागतं, आणि ते कलम मालकाने सही करण्याआधी वाचलेलं असतं. टोकननंतर चार दिवसांनी येत नाही.

आता मालक मंडळींनो, फार खूश होऊ नका.

सौदा ठरल्यावर आम्ही काय केलं? "तुम्ही जरा बघाल का" म्हणत कागदांची सगळी धावपळ त्यांच्याच गळ्यात घातली. सोसायटीची एनओसी, मिळकतकराची पावती. महावितरणच्या बिलावर तर अजून बिल्डरचंच नाव होतं, तेही त्यांनीच हेलपाटे घालून बदलून आणलं. दादा अनिवासी, त्यामुळे घेणाऱ्याला नेहमीचा एक टक्का टीडीएस कापून भागणार नव्हतं. त्याला टॅन, म्हणजे कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागला आणि दादाला कपात कमी व्हावी म्हणून आयकर खात्याचं प्रमाणपत्र. ते सीएने केलं आणि सीएने बिल दिलं. ते आम्ही मुकाट्याने भरलं. एजंटने बिल दिलं की मात्र तो लुटारू! हा दुटप्पीपणा मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट मालकांच्या ध्यानात येत नाही. भाडेकरूला विकल्यावर देखरेख करणाऱ्याला काहीच मिळणार नसेल, वर दरवर्षीचं भाडंही बुडणार असेल, तर "तुमचा भाडेकरू घ्यायला तयार आहे" हे तो तुम्हाला कशाला सांगेल? तो बाहेरचं गिऱ्हाईक आणेल, स्वतःचा टक्का घेईल आणि भाडेकरूला घर खाली करायला लावेल. लांब बसलेल्या मालकाला यातलं काही कळणारही नाही. एवढ्यासाठी तरी त्याचा थोडा वाटा असलेला बरा.

दादा एक पैसाही द्यायला तयार नव्हता. मी अर्ध्या टक्क्यावर अडून बसले आणि कागदांच्या कामाचे म्हणून ४५,००० दिले. भाडेकरूने काही दिलं नाही आणि त्याने द्यायलाही नको होतं. गृहस्थ नाराज झाले, पण घेतले.

यंदा माझा स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिला, तेव्हा एजंटसमोर हे लिहूनच ठेवलं: करार चालू असताना किंवा संपल्यापासून सहा महिन्यांत याच भाडेकरूने फ्लॅट घेतला, तर मालक अर्धा टक्का देईल, तोही दस्त नोंदवल्यावर. त्यात सोसायटी आणि वीजबिलाची कामं धरलेली आहेत. भाडेकरूकडून काही घ्यायचं नाही. पहिल्या एजंटने वाचलं, हसला आणि कागद परत केला. दुसऱ्याने अर्ध्याचा पाऊण टक्का करून घेतला, सहा महिन्यांना हात लावला नाही आणि सही केली.