नॉर्टन कमांडो आणि रबराचं काम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नॉर्टन या ब्रिटिश कंपनीच्या कमांडो या मोटरसायकलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की माझं कौतुक निव्वळ भावनेपोटी आहे. तुमच्या मते नॉर्टनने १९४९ सालचंच इंजिन रबरावर टांगून त्याची थरथर झाकली आणि होंडाच्या सीबी ७५० या मोटरसायकलने त्यांना उघडं पाडलं. प्रतिक्रिया अभ्यासपूर्ण आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

इंजिन जुनं होतं, हे खरंच. इंजिनिअर बर्ट हॉपवुड यांनी आखलेलं, नॉर्टनच्याच डॉमिनेटर या जुन्या मॉडेलचं ४९७ सीसीचं इंजिन वाढत वाढत पुढच्या अ‍ॅटलस मॉडेलमध्ये ७४५ सीसीचं झालं. त्यात दोन सिलिंडरचे दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात नि एकदमच खाली येतात, त्यामुळे तोल एकाच मोठ्या सिलिंडरच्या इंजिनासारखा राहतो. क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्यावर, वजन देऊन हा धक्का थोडा वरखाली, थोडा पुढेमागे असा वाटता येतो. घालवता येत नाही. आणि आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) दुप्पट झाले की धक्का चौपट. ८०० सीसीचं नवं इंजिन करून पाहिलं गेलं, पण ते मागे पडलं. हाताशी उरलं ते अ‍ॅटलसचंच.

पण नुसतं रबर घालून भागलं नसतं, आणि इथेच माझा मतभेद आहे. एकटं इंजिन रबरावर ठेवलं तर ते हलतं, मागचं चाक मात्र जागच्या जागी राहतं. मग चेन क्षणात ताणते, क्षणात सैल पडते. नॉर्टनचे इंजिनिअर स्टीफन बाऊअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांनी इंजिन, गियरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, म्हणजे पर्यायाने मागचं चाकसुद्धा, एकत्र जोडलं आणि तो अख्खा संच रबराच्या आधाराने फ्रेममध्ये बसवला. आयसोलास्टिक म्हणतात ते हेच. संच वरखाली, पुढेमागे हलू शकतो. आडवा मात्र नाही, कारण बाजूची मोकळीक शिम (पातळ चकत्या) घालून इंचाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवलेली असते. ती वाढली की गाडी वळणावर डुलायला लागते, फार आवळली की थरथर परत फ्रेममध्ये उतरते. आयडलिंगला इंजिन डोळ्यांना दिसेल इतकं हलतं. वेग घेतला की हँडल शांत होतं. याला मी अस्सल इंजिनिअरिंग म्हणतो, अगदी मनापासून.

होंडाबद्दल. कमांडो सप्टेंबर १९६७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली, सीबी ७५० त्यानंतर वर्षभराने टोकियोत. चार सिलिंडर, डिस्क ब्रेक, बटण-स्टार्ट हे सगळं होंडाने आधी दिलं. नॉर्टनला बटण-स्टार्ट द्यायला १९७५ उजाडलं. पण कमांडो होंडाहून बरीच हलकी होती, आणि 'मोटरसायकल न्यूज' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी १९६८ ते १९७२ अशी सलग ५ वर्षं तिलाच वर्षाची सर्वोत्तम मोटरसायकल ठरवलं. त्यातली बरीचशी वर्षं होंडाही शर्यतीत होती.

खरी चूक तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही : कमांडोचं १९७२ चं जास्त ताकदीचं कॉम्बॅट इंजिन. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या मिश्रणाचा दाब) १०:१ पर्यंत चढवलं, ६५ बीएचपी (अश्वशक्ती) ताकदीचा दावा केला, आणि चढ्या आरपीएमला क्रँक लवून मुख्य बेअरिंगं निकामी होऊ लागली. बेअरिंगमधल्या रोलरच्या कडा त्याच्या कड्यात रुतायच्या. पुढे 'सुपरब्लेंड' बेअरिंग आलं आणि त्रास मिटला, पण तोवर ग्राहकांनी त्याची किंमत मोजली होती. त्या निर्णयावर तुम्ही कितीही कठोर लिहा, मी तुमच्या बाजूने असेन.