पाव लादी

आज चार दिवस झाले, तरी वाडीतल्या निम्म्या लोकांना वाटतं की माझ्या सासूबाई जाता जाता राहिल्या. उरलेल्या निम्म्यांची खात्री आहे की आमची बांधाची केस पुन्हा उभी राहिली. खरं एवढंच झालं, की मी डोक्यावरून न्हायले.

आमच्या शाखेतल्या साहेबांचा निरोप समारंभ होता आणि सूत्रसंचालन माझ्या गळ्यात होतं. गेल्या वर्षी असाच कोणाचा तरी निरोप झाला, तेव्हाच्या फोटोत माईकच्या मागे एक अर्धवट सोललेला नारळ उभा आहे आणि त्याचं सोडण, म्हणजे वरची केसाळ साल, तेवढं काढायचं राहून गेलंय असं दिसतं. तो नारळ म्हणजे मी. माझे केस कुरळे नाहीत, सरळही नाहीत. कुरळे असते तर लोक 'किती छान कुरळे' तरी म्हणाले असते. जून लागला की ते फक्त वाढतात, लांबीला नव्हे, घेराला.

हे रडगाणं मी फोनवर पुण्याच्या भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, "मामी, शेवटचे दोन मग एकदम थंड पाण्याचे घे. फ्रिझ जातो." मला वाटलं, आमचा फ्रीज जाणार असं म्हणतेय. (फ्रिझ म्हणजे केसांचं हे पिंजारणं, ते मागाहून कळलं.) तोही जाण्याच्या बेतात होताच, त्यामुळे पहिली पाच मिनिटं आम्ही दोघी वेगवेगळ्या विषयांवर मनापासून बोललो.

पुण्यात राहून असा सल्ला द्यायला काय जातंय! तिथं जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, नळ सोडला की बोटं वाकडी होतात. मालवणात थंड पाणी म्हणजे गरम न केलेलं पाणी. मुलाच्या फिशटँकमधला थर्मामीटर काढून मी विहिरीच्या कळशीत बुडवला. सत्तावीस! आणि हे भर जुलैत, धो धो पावसात. विहिरीचं पाणी वर्षभराच्या हवेची सरासरी धरून बसतं, आणि आमच्या हवेची सरासरीच ती. माझं माहेर चिपळूणकडचं. तिथून संगमेश्वराच्या वाटेवर आरवली, तुरळ, राजवाडी. खाली राजापूरला उन्हाळे, वर दापोलीकडे उन्हवरे. जिथं बघावं तिथं जमिनीतून गरम पाणी येतंय. देवानं कोकणात गरम पाण्याची एवढी सोय केली, एक थंड झरा सोडायला काय झालं होतं?

राहिला फ्रीज. त्यात पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, पण आदल्या रात्री नवाला लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. (आमच्याकडे आभाळात ढग आला की लाईट जाते. पाऊस नंतर येतो.) बर्फाच्या ट्रेमध्ये सासूबाईंनी ओल्या काजूचे गर भरून ठेवले होते. मग मला ती अवदसा आठवली. बंदराच्या रस्त्याला बर्फाचा डेपो आहे, रिक्षा केली तर दहा मिनिटांचं काम.

इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. बोटी किनाऱ्यावर झापांखाली झोपलेल्या, मासळीबाजारात सुक्या बांगड्यांचा वास, आणि बर्फाला कुत्रं विचारत नाही. लग्नसराई आटोपलेली. अशा दिवसांत बर्फाची लादी घ्यायला कोणी आलंच, तर त्याचं एकच कारण असतं. घरात माणूस गेलेलं असतं आणि मुंबईचे मुलगे पोचेपर्यंत त्याला ठेवायचं असतं. वीस वर्षं इथं नांदून हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी केस होते.

डेपोच्या पडवीत आमच्याच वाडीतले आबा बसले होते. त्यांना बर्फाचं काही काम नव्हतं. त्यांना कुठंच काही काम नसतं, ते फक्त कोरड्या जागा बघून बसतात. मांडीवर एक काडी मोडलेली छत्री, तळहातावर तंबाखू.

"पाव लादी द्या," मी डेपोवाल्याला म्हटलं.

आबांचा अंगठा तळहातावर थांबला.

"कोण गेला?"

"कोणी नाही हो आबा."

"सासू बरी आसा?"

"बऱ्या आहेत की."

"काल सांजेक देवळात दिसाक नाय ती."

"पाऊस होता ना, म्हणून."

आबांनी मान हलवली. दुःखाच्या वेळी माणूस कबूल करायला वेळ घेतो, हे त्यांना ठाऊक असावं. त्यांनी तंबाखू दाढेखाली सोडली आणि जरा मायेनं विचारलं, "मगे बर्फ कित्याक गो बाय?"

"केसासाठी."

चूक माझी. 'केसांसाठी' म्हणायला हवं होतं. एका अनुस्वाराचा प्रश्न होता, आणि तो उच्चारात ऐकू येत नाही. आबा एकदम ताठ बसले. मरणाच्या विषयात ते नुसते शेजारी होते. या विषयात ते तज्ज्ञ निघाले.

"केस? ती बांधाची? अजून चलता?"

"कोर्टातली नाही आबा. डोक्यावरचे."

"डोक्यार केस घेवन फिरतंस?" त्यांनी आवाज खाली आणला. "वकील कोण?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण आता ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. वकील आधी बदल, म्हणाले. मालवणच्या कोर्टात असेल तर आशा आहे, ओरोसला जिल्हा कोर्टात गेली तर एसटीचा पास काढ. मग त्यांच्या स्वतःच्या केसची हकिगत सुरू झाली. सामाईक हद्दीत एक फणस. खोड आबांच्या बाजूला, फांद्या चुलतभावाच्या. फणस धरायचे ते फांद्यांना की खोडाला? कापा फणस, चांगला, असा गरा जिल्ह्यात नाही. सत्तावीस वर्षं. त्यात दोन वकील वारले, चुलतभाऊ वारला, त्याचा मुलगा वारसदार म्हणून दाखल झाला. "आणि गेल्या वर्साच्या वादळात फणस मोडान पडलो," आबा म्हणाले, "केस उभी हा." बोलताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की ती केस निकाली निघाली तर हा माणूस कशावर जगेल, असं माझ्या मनात आलं.

एवढ्यात डेपोवाल्यानं टोच्यानं लादी फोडली. मी काकुळतीनं त्याच्याकडे बघितलं. तो पोरगा शहाणा. त्यानं स्वतःच्या डोक्यावरचे चार केस चिमटीत धरून वर ओढले आणि ओरडला, "आबानू, केस! ह्ये! ह्येंका बर्फ लावची हा बाय!"

आबा माझ्या डोक्याकडे पाहू लागले. सावकाश, आपल्याकडे जमिनीची मोजणी करणारा बघतो तसं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाले, "डोक्याक बर्फ ताप चढलो की लावतत."

"हो, पण हे त्यासाठी नाही..."

"म्हणजे सासूक ताप इलो."

झालं. एक पूर्ण प्रदक्षिणा करून आम्ही पुन्हा सासूबाईंपाशी येऊन पोचलो होतो, आणि या खेपेला आबांकडे पुरावाही होता. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाव लादी मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. रिक्षावाला एरवी गाणी लावतो. त्यानं आपणहून टेप बंद केला.

घरी आल्यावर घमेल्यात बर्फ फोडला, त्यावर दोन कळश्या ओतल्या, थर्मामीटर टाकला. सहा. वा! न्हाणीघरात जाऊन शिकेकाईनं डोकं धुतलं आणि पहिला मग ओतला. ते वर्णन मला करता येत नाही. टाळूवर कोणी कोयती ठेवल्यासारखं झालं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा मला ओळखू आला नाही. तशीच दुसरा मग घेतला. दुसरा आवाज.

बाहेर येते तो अंगणात सात बायका. त्या फाटकाशीच होत्या, तेवढ्यात त्यांनी हंबरडा ऐकला. एकीनं तोंडाला पदर लावलेला. मी केसांना पंचा गुंडाळून, डोळे लाल, दात वाजतायत. एकीनं मला जवळ घेतलं. "रड, रड गो, अडवून धरू नकोस." आणि मागच्या पडवीतून सासूबाई बाहेर आल्या. हातात विळी, सोलत असलेली फणसाची आठळी, आणि एवढ्या बायका बघून चेहरा पडलेला.

"अगे माझ्या बाये," त्या म्हणाल्या. "कोण गेला?"

सातातली एकही बोलेना. शेवटी जिनं पदर लावला होता तिनं तो काढला आणि म्हणाली, "कोण नाय. सहज इललंव."

सगळ्यांना चहा झाला. परळहून दिराचा फोन आला, रात्रीची गाडी मिळतेय का बघतोय म्हणून. सासूबाईंनी फोन घेतला आणि सांगितलं की आता उगाच पैसे घालवू नकोस, गणपतीक येतलस तेव्हा काय तां बघूया. नंतर दिवसभर त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. आपण गेल्याची बातमी खोटी निघाल्यावर कुणी रडलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

त्या रात्री मी वाचत बसले. हे आधी करायला हवं होतं, पण सल्ला देणारी भाची एमएस्सी आहे. केसाच्या बाहेरच्या बाजूला मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढलेले पापुद्रे असतात. गार पाण्यानं हे पापुद्रे 'मिटतात' म्हणे. मिटायला ते लाजाळूचं झाड नाही. केस मुळातून वर आला की तो मेलेला असतो, त्याला थंडी वाजत नाही. (म्हणजे 'कोण गेला?' या आबांच्या प्रश्नाचं शास्त्रशुद्ध उत्तर 'केस' हेच होतं, आणि मी तेच दिलं होतं.) ती कौलं बसवते ती आंबट वस्तू, उचकटतो तो साबण. कंडिशनर असतो आंबट बाजूचा. शिकेकाईही तशीच. हिवाळ्यात कढत पाण्यानं न्हाणाऱ्याला कोमट पाण्याचा फायदा होत असेल. सत्तावीसवरून सहावर उतरून माझा झाला तो सर्दीचा.

आणि कौलं बसली तरी काय? दमट हवा केसात शिरणारच. पाणी आत जातं, आतले बंध सुटतात, वेडेवाकडे परत जुळतात, केस फुगतो, लांबतो. कोरड्याचा पूर्ण ओला होईपर्यंत शेकडा दोन-अडीच लांबतो. जिनिव्हाचे होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी यावरच हवेतला ओलावा मोजायचं यंत्र केलं आणि 1783 साली त्यावर पुस्तक छापलं. माणसाचा एक केस, तेल-तूप धुऊन काढलेला, टोकाला काटा. वेधशाळांतून पुढं कितीतरी वर्षं असे केस टांगलेले असत. म्हणजे तिकडे एका केसाला नोकरी मिळाली. माझ्या डोक्यावर लाखभर आहेत, सगळे चोख काम करतात, आणि त्यांना नावं ठेवली जातात.

समारंभाला ते अर्थातच नेहमीसारखे होते. सभागृहात शिरायच्या आधीच, पायऱ्यांवर, छत्री मिटेपर्यंत. उलट गोणपाटाचा वास त्यांत मुरला होता. बर्फ मासळीचा, गोणपाटही मासळीचं. दुसऱ्या काउंटरवरची बाई माझ्या शेजारी येऊन दोनदा हुंगली आणि कानाशी लागली, "बंदीत ताजे बांगडे कुठं मिळाले गं? सांग ना, मी कोणाला नाही सांगणार." तिला खरं सांगितलं तर तिनं आमची मैत्री संपवली असती.

चहाच्या वेळी मात्र तिघी-चौघींनी हात लावून बघितला. विचारायचं वगैरे काही नाही. भाजीवाल्याच्या टोपलीतली मेथी चाचपावी तसे केस चाचपतात आणि 'स्मूदनिंग का नाही करून घेत?' म्हणतात. हजारो रुपये घालवायचे आणि मुळातून नवे आले की पुन्हा तेच. आजी होती तेव्हा ती खोबरेल चोपडायची, जास्वंदीच्या पानांचा चिकट रस लावायची, दोन वेण्या घट्ट आवळायची, आणि विषय संपायचा. खोबरेल केसाच्या आत मुरतं, हे आता शास्त्रज्ञही म्हणतात. पण तेल लावून माईकसमोर गेलं तर 'आजारी आहेस का?' हे विचारणार त्याच.

आणि साहेब! ज्यांचा निरोप होता ते. त्यांच्या डोक्यावर केसच नाही. एकही. छतावरची ट्यूबलाईट त्यात सरळ रेषेत दिसत होती. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकाही माणसानं विचारलं नसेल, साहेब, काही लावत का नाही? त्यांच्याविषयी सगळे बोलले ते शिस्तीबद्दल. मी दोन तास न अडखळता कार्यक्रम चालवला, आणि माझ्याविषयी जेवढं बोलणं झालं ते डोक्याच्या वरच्या सहा इंचांबद्दल. हे लिहितानाही मला राग येतोय, आणि हातानं आपोआप केस कानामागे सारले जातायत.

काल संध्याकाळी देवळाच्या पायरीवर आबा भेटले. पाऊस नुकताच थांबला होता, हवा अशी की पिळली तर पाणी निघेल. सासूबाई माझ्या बरोबरच होत्या, ठणठणीत. त्यांच्याकडे आबांनी जरा नाराजीनंच पाहिलं. मग नजर माझ्या कपाळावरून वर गेली आणि तिथं बराच वेळ राहिली.

"हरलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अपील कर."